उंची-वजनावरून अंगातलं एकूण पाणी काढताना: कोणतं वजन, कोणती उंची, कोणतं सूत्र

पोटाचं डायलिसिस (पोटात बॅगेतलं द्रव भरून, काही तासांनी काढून रक्त साफ करायची पद्धत) करणाऱ्या एका बाईंच्या फाइलमध्ये लागोपाठ तीन तिमाहींत त्यांच्या अंगातल्या पाण्याचे तीन आकडे होते: ३३.६ लिटर, २९.५ लिटर, २८.२ लिटर. बाई त्याच, बॅगा त्याच, दिवसाला चार. पहिल्या आकड्यावरून आठवड्याचा केटी/व्ही (डायलिसिस पुरेसं होतंय का ते सांगणारा आकडा, नेहमीची खालची रेघ १.७) १.५२ आला आणि मुलगा घाबरून विचारायला आला, "आईचं डायलिसिस कमी पडतंय का? पाचवी बॅग लावायची का?" तिसऱ्या आकड्यावरून तोच केटी/व्ही १.८१ झाला. गुणाकार-भागाकार तिन्ही वेळा बरोबर होते. पहिल्याने वजनाचे सरसकट ६० टक्के धरले. दुसऱ्याने काट्यावर दिसलं ते वजन घेतलं, तेव्हा पोटात बॅग भरलेली होती आणि पाय सुजलेले होते. तिसऱ्याने आधी पोट रिकामं करून घेतलं आणि सूज किती ते विचारलं.

सूत्र पाठ करायला पाच मिनिटं लागतात, फोनवर तयार कॅल्क्युलेटरही मिळतात. चुका होतात त्या सूत्रात आकडे घालायच्या आधी. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने करा. डायलिसिस तंत्रज्ञ, नर्सिंगचे विद्यार्थी आणि घरी पोटाचं डायलिसिस सांभाळणारे नातेवाईक यांना समोर ठेवून लिहिलं आहे.

टप्पा १: आकडा कशासाठी हवा ते ठरवा

डायलिसिस पुरेसं होतंय का हे बघायला केटी/व्ही काढतात. त्यातला व्ही म्हणजे अंगातलं एकूण पाणी. युरिया हा शरीरातला टाकाऊ पदार्थ या सगळ्या पाण्यात विरघळलेला असतो, म्हणून किती लिटर पाणी युरियापासून साफ झालं (हाच केटी) याला एकूण पाण्याने भागायचं. या लेखातला हिशोब याच कामाचा आहे.

रक्तातलं सोडियम वर-खाली झालं की डॉक्टरही एकूण पाणी धरतात. पण तिथे प्रश्न असतो आज, या क्षणी, किती पाणी आहे याचा. तो हिशोब डॉक्टरांवर सोडा, त्यावरून घरी सलाईन ठरवायचं नसतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच, कारण दर महिन्याला कुणीतरी विचारतंच: हा आकडा "रोज किती पाणी प्यायचं" याचा नाही. दोन्हींचा काही संबंध नाही.

सावधान: इथली सूत्रं मोठ्या माणसांची आहेत. लहान मुलांसाठी मेलिट्स-चीकसारखी वेगळी सूत्रं आहेत. गरोदर बाईसाठी यांतलं काहीच वापरू नका.

टप्पा २: सूत्र समोर ठेवा आणि कोणता आकडा किती ओढतो ते बघा

जास्त वापरात आहे ते १९८० सालचं वॉटसनचं सूत्र. वय वर्षांत, उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत, उत्तर लिटरमध्ये.

पुरुष: पाणी = २.४४७ − (०.०९५१६ × वय) + (०.१०७४ × उंची) + (०.३३६२ × वजन)

स्त्री: पाणी = (०.१०६९ × उंची) + (०.२४६६ × वजन) − २.०९७

बायकांच्या सूत्रात वय नाही. ते छापताना राहून गेलेलं नाही, सूत्रच तसं आहे. पुरुषांच्या सूत्रातला वयाचा तुकडा उचलून बायकांच्या सूत्राला जोडलेले तक्ते मी पाहिले आहेत. तसं केलं की पन्नाशीच्या बाईचं पावणेपाच लिटर पाणी हवेत उडून जातं.

आता या आकड्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघा. वजनात एका किलोची चूक झाली तर पुरुषाच्या उत्तरात ०.३४ लिटर आणि बाईच्या उत्तरात ०.२५ लिटर फरक पडतो. उंचीत एक सेंटिमीटर चुकलं तर ०.११ लिटर. वयात एक वर्ष चुकलं तर ०.१ लिटरसुद्धा नाही. आपल्याकडे जुन्या मंडळींची जन्मतारीख शाळेत मास्तरांनी घातलेली १ जून असते आणि साल अंदाजे. त्यावर वेळ घालवू नका. पाच वर्षं इकडची तिकडे झाली तरी अर्धा लिटर. वजनात मात्र पाच-सहा किलोची चूक सहज होते, तीही काटा अगदी बरोबर असताना.

टप्पा ३: उंची स्वतः मोजा

विचारून लिहिलेली उंची चालणार नाही. पुरुष पोलीस भरतीच्या किंवा लग्नाच्या वेळची उंची सांगतात. त्यानंतर तीस वर्षांत मणके दबलेले असतात, पाठीला बाक आलेला असतो. दोन-चार सेंटिमीटर सहज कमी भरतात.

मोजायची पद्धत:

चप्पल-मोजे काढा. अंबाडा किंवा वर बांधलेला खोपा सोडायला सांगा. टाचा जोडून भिंतीला, ढुंगण आणि पाठ भिंतीला. नजर समोर अशी, की कानाचं भोक आणि डोळ्याखालच्या हाडाची कड एका आडव्या रेषेत येईल. हनुवटी वर केली की उंची कमी भरते. डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात टेकवा, खूण करा, मग माणसाला बाजूला करून जमिनीपासून धातूच्या टेपने मोजा. शिंप्याची कापडी टेप जुनी झाली की ताणलेली असते.

भिंतीची खालची फरशीची पट्टी एकदा नीट बघा. स्कर्टिंग दोन-अडीच सेंटिमीटर पुढे आलेलं असेल तर टाचा भिंतीला लागतच नाहीत आणि माणूस मागे रेलून उभा राहतो. स्कर्टिंग नसलेली भिंत किंवा दाराची सपाट फळी बघा. एका ठिकाणी तर भिंतीवर छापील टेप चिकटवली होती, पण तिचं शून्य स्कर्टिंगच्या वरच्या कडेवर. तिथे वर्षभर मोजलेला प्रत्येक माणूस आठ सेंटिमीटर बुटका होता.

फूट-इंचाचा घोळ

"पाच सहा" म्हणजे पाच फूट सहा इंच. वहीत ते ५.६ असं लिहिलं जातं आणि पुढचा माणूस ५.६ ला ३०.४८ ने गुणून १७०.७ सेंटिमीटर काढतो. खरी उंची १६७.६. इथे तीन सेंटिमीटरवर निभावतं. खरा दणका पाच फूट दहा इंचाला बसतो. ५.१० टाइप केलं की एक्सेल शेवटचं शून्य गिळून ५.१ दाखवतं. १७८ सेंटिमीटरचा माणूस १५५ चा होतो आणि त्याच्या अंगातलं जवळपास अडीच लिटर पाणी कमी दिसतं.

तोडगा सोपा आहे: फूट गुणिले १२, त्यात इंच मिळवा, एकूण इंच गुणिले २.५४. किंवा वहीत फक्त सेंटिमीटरच लिहायचे असा नियम करा. आमच्याकडे फॉर्मवरचा फुटांचा रकानाच काढून टाकला.

उभं राहता येत नसेल तर

अंथरुणावरच्या माणसाची गुडघ्याची उंची मोजा. गुडघा आणि घोटा दोन्ही काटकोनात वाकवून टाचेच्या तळापासून गुडघ्याच्या थोडं वर, मांडीच्या पुढच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये घ्यायचं. वयस्कर माणसांसाठी चुमलीयाचं सूत्र:

पुरुषाची उंची = ६४.१९ − (०.०४ × वय) + (२.०२ × गुडघ्याची उंची)

स्त्रीची उंची = ८४.८८ − (०.२४ × वय) + (१.८३ × गुडघ्याची उंची)

सत्तर वर्षांच्या आजींची गुडघ्याची उंची ४६ सेंटिमीटर असेल तर ८४.८८ − १६.८ + ८४.१८, म्हणजे १५२.३ सेंटिमीटर. हे सूत्र अमेरिकेतल्या माणसांवरून बसवलेलं आहे, आपल्याकडे काही सेंटिमीटर चुकेल. पण वॉटसनच्या सूत्रात पाच सेंटिमीटर म्हणजे अर्धाच लिटर, त्यामुळे काम भागतं. झोपलेल्या माणसाच्या शेजारी चादरीवरून टेप अंथरून मोजलेल्या उंचीपेक्षा हे कधीही बरं.

टप्पा ४: वजन करा, पण आधी काट्याकडे बघा

काटा सपाट, कडक फरशीवर हवा. सतरंजीवर किंवा गादीच्या कडेला ठेवलेला घरगुती काटा काहीही सांगतो. शंका आली तर सीलबंद १० किलो गव्हाच्या पिठाची पिशवी ठेवून बघा. मग एखाद्या माणसाला उभं करा आणि नंतर तीच पिशवी हातात देऊन उभं करा. दोन्ही वेळा फरक दहाचाच यायला हवा. काही काटे हलक्या वजनाला बरोबर आणि साठच्या पुढे गडबडलेले असतात, त्यांची चोरी या दुसऱ्या चाचणीत पकडली जाते.

पोटाचं डायलिसिस असेल तर वजन पोट रिकामं केल्यावर, नवी बॅग भरायच्या आधी. दोन लिटर पोटात असताना काटा दोन किलो जास्तच दाखवणार. ते पाणी बॅगेतलं आहे, बाईंचं नाही. नातेवाईक रोज वहीत वजन लिहितात, पण भरल्यापोटी की रिकाम्यापोटी हे लिहीत नाहीत. त्या वहीला अर्थ उरत नाही. वजनाच्या आकड्यापुढे फक्त 'रि' किंवा 'भ' लिहायची सवय लावा.

मशीनवरच्या डायलिसिसला वजन डायलिसिस संपल्यावरचं घ्या. खुर्चीसकट वजन करत असाल तर खुर्ची वेगळी तोला, आणि पुढच्या वेळी तीच खुर्ची आहे का तेही बघा. जाड काठापदराची साडी आणि शाल मिळून किलोभर भरते. थंडीत स्वेटर वाढतो. दर वेळी साधारण सारखे कपडे असले की पुरे.

टप्पा ५: वजन "कोरडं" करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा.

सूत्राला किलो कळतो, तो किलो कशाचा हे कळत नाही. एखाद्या पुरुषाचं वजन दहा किलोंनी वाढलं तर सूत्र गुमान ३.४ लिटर पाणी वाढवतं. ते दहा किलो सुजेचे असतील तर खरं पाणी जवळजवळ दहाच्या दहा लिटर वाढलेलं असतं. ते दहा किलो चरबीचे असतील तर पाणी त्या मानाने फारच थोडं वाढतं, कारण चरबी पाणी धरत नाही. सूज असलेल्या माणसाचं काट्यावरचं वजन घातलं तर जे उत्तर येतं ते ना आजच्या पाण्याचं, ना त्याच्या नेहमीच्या पाण्याचं. मधलंच काहीतरी.

म्हणून केटी/व्हीसाठी ड्राय वेट घ्या. सूज नाही, दम नाही, रक्तदाब आटोक्यात, आणि पाणी काढताना पायात गोळे येत नाहीत, असं ज्या वजनाला होतं ते ड्राय वेट. ते ठरवायचं काम नेफ्रॉलॉजिस्टचं (किडनीच्या डॉक्टरांचं). आपलं काम ते शेवटचं कधी ठरलं हे बघायचं. फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं ड्राय वेट आठ महिन्यांपूर्वीचं असेल तर ते शिळं झालेलं आहे.

सूज बघायची असेल तर नडगीच्या हाडावर अंगठा काही सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर पाणी आहे. संध्याकाळी चपलेच्या पट्ट्याचा वण खोल दिसतो. दिवसभर झोपून असलेल्या माणसाचे पाय मात्र कोरडे असू शकतात, त्याचं पाणी कमरेच्या मागच्या बाजूला उतरलेलं असतं. तिथेही दाबून बघा.

सर्वांत फसवा प्रकार वेगळाच. माणूस जेवत नाही, मांस झडतं, तीन किलो कमी होतात. त्याच काळात तीन किलो पाणी साठतं. काटा जागचा हलत नाही. घरचे सांगतात, "वजन अगदी स्थिर आहे." पण गाल बसलेले, बांगड्या कोपरापर्यंत सरकतात, आणि घोटे भरलेले. असं चित्र दिसलं तर सूत्र बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना आधी नवं ड्राय वेट ठरवायला सांगा.

पाय काढलेला असेल (मधुमेहामुळे डायलिसिसवर आलेल्यांमध्ये हे बऱ्याचदा दिसतं) तर गुडघ्याखालचा पाय म्हणजे वजनाचे सुमारे ६ टक्के आणि अख्खा पाय म्हणजे सुमारे १६ टक्के धरतात. आताचं वजन ५४ किलो आणि एक पाय गुडघ्याखाली नसेल, तर आधीचं वजन ५४ भागिले ०.९४, म्हणजे ५७.४ किलो. या वजनावर आणि मूळ उंचीवर पाणी काढायचं आणि उत्तराला पुन्हा ०.९४ ने गुणायचं. हा दुसरा गुणाकार विसरला जातो. कृत्रिम पाय लावून वजन केलंय का, हेही विचारा.

तपासा: हातात आता तीन आकडे असायला हवेत. मोजलेली उंची सेंटिमीटरमध्ये, तारखेसकट ड्राय वेट, आणि पुरुष असेल तर वय. यातला एकही "अंदाजे" असेल तर त्याच्यापुढे तसं लिहा.

टप्पा ६: हिशोब तुकड्या-तुकड्याने करा

सुरुवातीच्या बाई घेऊ. वय ५२, उंची १५४, काट्यावरचं वजन ६१.५. त्यात बॅगेचे दोन किलो आणि सुजेचे साडेतीन. ड्राय वेट ५६.

उंचीचा तुकडा: ०.१०६९ × १५४ = १६.४६
वजनाचा तुकडा: ०.२४६६ × ५६ = १३.८१
बेरीज ३०.२७, वजा २.१० = २८.१७, म्हणजे २८.२ लिटर

आता पुरुष: वय ५८, उंची १६५, ड्राय वेट ७०.

वयाचा तुकडा: ०.०९५१६ × ५८ = ५.५२ (हा वजा होणार)
उंचीचा तुकडा: ०.१०७४ × १६५ = १७.७२
वजनाचा तुकडा: ०.३३६२ × ७० = २३.५३
२.४५ − ५.५२ + १७.७२ + २३.५३ = ३८.१८, म्हणजे ३८.२ लिटर

एका दमात कॅल्क्युलेटरवर दाबत गेलात तर साधे कॅल्क्युलेटर गुणाकार आधी करत नाहीत, डावीकडून येईल तसं करत जातात आणि भलतंच उत्तर देतात. प्रत्येक तुकडा कागदावर लिहा. चूक सापडायलाही तेच सोयीचं पडतं.

उत्तर एकाच दशांश स्थळापर्यंत लिहा. २८.१७५२ असं लिहिलं म्हणून ते जास्त खरं होत नाही. या सूत्रात दोन-चार लिटरचा इकडे-तिकडे फरक धरूनच चालायचं असतं.

दुसऱ्या सूत्राने ताळा

१९७१ सालचं ह्यूम-वेयर्सचं सूत्र ताळ्यासाठी वापरा:

पुरुष: (०.१९४७८६ × उंची) + (०.२९६७८५ × वजन) − १४.०१२९३४

स्त्री: (०.३४४५४७ × उंची) + (०.१८३८०९ × वजन) − ३५.२७०१२१

बाईंचं उत्तर २८.१ येतं, पुरुषाचं ३८.९. वॉटसनशी चांगलं जुळलं. जुळलं नाही, दोन-तीन लिटरांचं अंतर पडलं, तर आधी उंचीवर संशय घ्या. ह्यूमच्या सूत्रात बाईच्या उंचीतला एक सेंटिमीटर ०.३४ लिटर ओढतो, वॉटसनच्या तिप्पट. म्हणूनच उंची अंदाजे असेल तेव्हा मी ह्यूमकडे जात नाही. आणि दोन सूत्रांची सरासरी काढून "मधला मार्ग" लिहू नका. एक सूत्र धरा आणि त्या पेशंटसाठी तेच कायम ठेवा.

टप्पा ७: उत्तर पटतंय का बघा

पाण्याला वजनाने भागा आणि टक्के काढा. बाईंचे २८.२ भागिले ५६, म्हणजे ५० टक्के. पुरुषाचे ५४.५ टक्के. पुरुष साधारण ५० ते ६० आणि बायका ४५ ते ५५ च्या आसपास येतात, वय आणि चरबी वाढली की खाली. चरबी वगळून उरलेल्या शरीरात ७३ टक्क्यांच्या जवळपास पाणी असतं. त्यामुळे अख्ख्या माणसाचं उत्तर ७० च्या वर गेलं तर कुठेतरी घोळ आहे हे नक्की. बहुतेक वेळा वजन पौंडांत घातलेलं सापडतं. उंची इंचांत घातली तर उलट उत्तर फारच कमी येतं.

जाड माणसात सूत्र जास्त पाणी दाखवतं, ते का हे वर आलंच आहे. पण बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसातही हे होऊ शकतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो शेजारी-शेजारी छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरचा ७३ चा नियम लावला तर एकात वजनाच्या ६६ टक्के पाणी येतं आणि दुसऱ्यात साडेसत्तावन्न. ६५ किलोच्या माणसात हा फरक जवळपास सहा लिटरांचा. उंची-वजनाच्या सूत्राला तो दिसणारच नाही. वॉटसनचं सूत्र ज्यांच्यावरून बसवलं त्यांत आपल्यासारखी माणसं डोळ्यापुढे नव्हती. म्हणून पोट सुटलेला आणि हातपाय काटकुळे असा पेशंट असेल तर आलेला आकडा थोडा जास्तच आहे असं मनात धरा. स्वतःच्या मनाने दोन लिटर वजा मात्र करू नका, नाहीतर पुढच्या तिमाहीची तुलनाच करता येणार नाही.

जिममधल्या किंवा घरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर जे "बॉडी वॉटर" टक्के येतात, त्यातही वय-उंची आपणच भरलेली असते. ताळा म्हणून तो आकडा धरू नका.

टप्पा ८: केटी/व्हीमध्ये वापरताना

पोटाच्या डायलिसिसचा हिशोब असा: २४ तासांत बाहेर आलेलं एकूण द्रव गुणिले (त्यातला युरिया भागिले रक्तातला युरिया), गुणिले सात, भागिले व्ही. आपल्या बाईंचं बाहेर आलेलं द्रव ८.६ लिटर आणि युरियाचं गुणोत्तर ०.८५. ८.६ × ०.८५ = ७.३१, आठवड्याचे ५१.२ लिटर.

आता एकाच ५१.२ ला वेगवेगळ्या व्हीने भागून बघा. २८.२ ने भागलं तर १.८१. भरल्या पोटाच्या आणि सुजलेल्या वजनाच्या २९.५ ने भागलं तर १.७३. चुकून पुरुषांचं सूत्र लावलं (व्ही ३२.९) तर १.५६. सरसकट ६० टक्क्यांच्या ३३.६ ने भागलं तर १.५२. आठवड्याला १.७ ही नेहमीची खालची रेघ, आणि दोन आकडे तिच्या वर, दोन खाली. लघवी होत असेल तर मूत्रपिंडांनी स्वतः केलेली सफाई यात वेगळी मिळवायची असते, ती विसरू नका.

नुसत्या या आकड्यावर बॅगा वाढवायच्या नसतात. आंतरराष्ट्रीय पेरिटोनियल डायलिसिस संघटनेच्या २०२० च्या शिफारशीही पेशंटला भूक लागते का, झोप येते का, सूज आहे का, हे सगळं बघून ठरवायला सांगतात.

मशीनच्या डायलिसिसला दोन प्रकारचे केटी/व्ही असतात. रक्तातल्या आधीच्या आणि नंतरच्या युरियावरून जो नेहमी काढतात त्याला वॉटसन लागत नाही. मशीनच्या पडद्यावर चालू डायलिसिसमध्ये जो दिसतो त्याला लागतो, कारण मशीन मोजतं फक्त सफाई आणि भागायला व्ही आपण भरलेला असतो. हे दोन आकडे एकाच रकान्यात लिहू नका.

माझी स्वतःची चूक सांगतो. दुपारच्या शिफ्टला एका मावशींना लावलं आणि व्ही बदलायचा राहिला. मशीनमध्ये सकाळच्या धिप्पाड गृहस्थांचे ४६ लिटर तसेच होते. चार तास संपताना पडदा १.०४ दाखवत होता. मिनिटाला २०० मिलीची सफाई, चार तासांत ४८ लिटर, भागिले ४६. मी फिस्टुला (सुया टोचायची हातातली जोडलेली रक्तवाहिनी) तपासला, सुया तपासल्या, डायलायझर (रक्त गाळणारी नळी) बदलायची भाषा सुरू केली. मावशी शांतपणे म्हणाल्या, "अरे, माझं वजन तरी घातलंस का त्याच्यात?" त्यांचा व्ही ३१ होता. खरा आकडा १.५५.

सावधान: पडद्यावरचा आकडा अचानक पडला तर सुईला हात लावायच्या आधी भरलेला व्ही वाचा.

टप्पा ९: फाइलमध्ये काय लिहायचं

नुसतं "व्ही २८.२" लिहिलं तर तीन महिन्यांनी त्याचा कुणालाच उलगडा होत नाही. एक ओळ पूर्ण लिहा. आमच्या फाइलमध्ये ती अशी असते:

"व्ही २८.२ लि., वॉटसन (स्त्री), उंची १५४ सेंमी उभ्याने मोजलेली, ड्राय वेट ५६ किलो (रि), तारीख, सही."

ड्राय वेट दोन किलोंपेक्षा जास्त बदललं, रुग्णालयात भरती होऊन आले किंवा अवयव काढावा लागला, की नवा व्ही काढायचा. जुना खोडायचा नाही. त्याच्या खाली नवी ओळ लिहायची, म्हणजे केटी/व्ही बदलला तर तो डायलिसिसमुळे की भागाकारामुळे, हे एका नजरेत दिसतं. घरी वही ठेवत असाल तर तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर हीच ओळ लिहा आणि तपासणीला जाताना वही बरोबर न्या.